तिसरी पेटी

नळ बंद पडल्याला नऊ दिवस झाले होते. सासूने मिरचीच्या ट्रेंवरचं ओलं गोणपाट उचललं, आत पाहिलं, आणि पुन्हा टाकलं. त्या टाकण्यावरूनच सुनेला काय ते कळलं.

घरामागच्या तुकड्यावर हिरवी जाळी, जाळीखाली फळ्या, फळ्यांवर रोपांचे ट्रे. मिरची, टोमॅटो, फुलकोबी. या घराचं सगळं त्या ट्रेंवर होतं. बोटभर रोपाला एक दिवस पाणी चुकलं तर ते मान टाकतं. दुसऱ्या दिवशी चुकलं तर टाकलेली मान पुन्हा उचलत नाही. नऊ दिवस नवरा-बायको खालच्या ओढ्यातून डबे भरून आणत होती. आता ओढ्यातही डबकंच उरलं होतं. वाटीने खरवडून डबा भरायचा, आणि वर येईपर्यंत गाळ बसायची वाट बघायची. नवऱ्याच्या उजव्या खांद्याची साल निघाली होती. डबा तो आता डाव्या खांद्यावर घ्यायचा, आणि डाव्या बाजूला सवय नसल्याने चढावर अर्धं पाणी स्वतःच्याच पाठीवर सांडायचं.

"तीन दिवस," सासू शेवटी म्हणाली. "चौथ्या दिवशी झाडू घेऊन यायचं इथे."

नळ होता भाजलेल्या मातीचा. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यापासून रोपवाटिकेपर्यंत सासऱ्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने चाळीस वर्षांपूर्वी तो जमिनीखालून आणला होता. वाटेत तीन दगडी पेट्या ठेवल्या होत्या, कधी गाळ अडकला तर हात घालता यावा म्हणून. पहिल्या दोन पेट्या खडकाळ पट्टीत होत्या, त्यांची झाकणं उघडी दिसायची. दोन्हींत पाणी तुंबून काठाला आलं होतं. खाली रोपवाटिकेत मात्र थेंब नाही. नवऱ्याने बांबूच्या कामट्या एकमेकींना बांधून दुसऱ्या पेटीतून आत सरकवल्या. शंभर फूट गेल्या, वर आणखी थोड्या, मग कशाला तरी मऊ मऊ लागून थांबल्या. म्हणजे दुखणं तिसऱ्या पेटीपाशी होतं. आणि तिसरी पेटी सासऱ्यांच्या पुतण्याच्या शेतात होती. तिथे नांगर फिरायचा म्हणून तिचं झाकण मुद्दाम खोल, थेट नळावर ठेवलेलं होतं. चाळीस वर्षांत ती कुणी पाहिली नव्हती. तिच्यावर आता कोबी उभा होता.

धाकटा भाऊ सहा वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्या मागे शेत त्याच्या मुलाकडे आलं, आणि शेताबरोबर काकांवरचा रागही आला. त्या रागापायी वरच्या दोन पेट्यांतून रोज डबे भरायलाही या घरचं कुणी तिकडे जात नव्हतं.

विचारायला सून गेली. नवरा गेला असता तर तिसऱ्या वाक्याला भांडण झालं असतं. पुतण्या अंगणात बसून फवारणीच्या पंपाची तोटी दाभणाने साफ करत होता. त्याने मान वर केली नाही.

"भाऊजी, एक काम होतं."

"काम असल्याशिवाय तुमच्याकडचं कोण इकडे येतं, वहिनी?"

"तिसरी पेटी उघडायला लागणार."

"उघडा की. कुठे आहे ते सांगा, मीच उघडून देतो." तोटीत फुंकर मारून तो म्हणाला, "नाही सांगता येणार. आमचे अण्णा सांगायचे, तिसऱ्या पेटीपाशी काम बिघडलं. तिथेच काकांचं आणि त्यांचं वाजलं. तीन दिवस एकमेकांची तोंडं बघितली नाहीत. ओळ सरळ असती तर सख्खे भाऊ कशाला भांडले असते? वाकडा नेलाय नळ. कुठे नेलाय ते एक तुमच्या सासऱ्यांना माहीत, नाहीतर उंदरांना."

"रोपं मरतायत, भाऊजी."

आता त्याने वर पाहिलं. तोही शेतकरीच होता. मरणारं रोप त्याला समजत होतं. थोडा वेळ तो दाभण बोटावर टोचत बसला.

"एक खड्डा," तो म्हणाला. "एकच. माणूस उतरेल एवढा. उद्या सकाळी सुरू करा, संध्याकाळी पाचला बुजवून द्या. परवा कोबीला गाडी येतेय, तिचं चाक खड्ड्यात गेलेलं मला नकोय. आणि नाही सापडलं, तर माझ्या शेतात तुमचा नळ आहे हे पुन्हा माझ्या कानावर यायचं नाही. चालेल?"

चालण्यावाचून इलाज नव्हता.

घरी तिने सगळं सांगितलं, फक्त वाकडेपणाचं गाळलं. पण सासरे कान देऊन बसले होते.

"सरळ का वाकडी, त्याचं काही म्हणाला का तो?"

"म्हणाले थोडं."

"वाकडी म्हणाला?" म्हाताऱ्यांनी काठी जमिनीवर ठेवली, परत उचलली. "माझी ओळ वाकडी म्हणाला?" रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी सगळे शेतावर गेले. फक्त सासू रोपवाटिकेत राहिली. पाणी आलं तर रिकामं पिंप वाजवायचं असं ठरलं होतं. ते ठरवताना कुणीच कुणाकडे बघितलं नव्हतं.

शेताच्या कडेने दगडी बांध सरळ गेला होता. बांधाच्या आत आधी खडकाळ पट्टी, तिथे पहिल्या दोन पेट्या. पुढे काळीशार सपाट जमीन आणि कोबीचे गड्डे. मध्येच दगडांच्या ढिगाशी अंजिराचं झाड होतं. सगळीकडे उन्हाने पानं कागदासारखी झालेली असताना हे झाड मात्र तेल लावल्यासारखं चकाकत होतं.

पुतण्या एक क्रेट उपडं घालून त्यावर बसला, नाटक बघायला बसावं तसा.

सासरे काठी टेकत अंजिराकडे गेले. खोडाला पाठ लावली, तोंडाने मोजत वीस पावलं टाकली, आणि थांबले. "इथे. माझ्या पायांना ठाऊक आहे."

नवऱ्याने कुदळ उचलली.

"थांबा जरा," सून म्हणाली.

"आता काय?"

"खड्डा एकच आहे. मोजून घेऊ."

ही सून गवंड्याची मुलगी. लग्नाआधी सहा वर्षं बापाच्या हाताखाली तिने भिंतींच्या ओळी धरल्या होत्या. सासरी येताना एका पेटीत ओळंबा, टेप, आणि पाणी भरून लेव्हल बघायची लांब पारदर्शक नळी घेऊन आली. 'लोकांच्या सुना भांडी आणतात, आमची हत्यारं घेऊन आली,' असं सासू सगळ्यांना सांगायची, पण कौतुकाने. घरात तिचं नावच गवंडीण पडलं होतं.

"आबा," ती सासऱ्यांना म्हणाली, "ओळ सरळ होती ना?"

"मी ओळ वाकडी करणारा माणूस दिसतो का तुला?"

"नाही. म्हणून तर विचारतेय. पाय मोडल्यापासून तुमचं पाऊल आखूड पडतं. पावलांवर माझा भरवसा नाही. तुमच्या ओळीवर आहे."

म्हातारे तिच्याकडे बघत राहिले. हे कौतुक होतं की अपमान, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी ते बाजूला झाले आणि काठीने बांध दाखवला. "पेटीसमोर दर वेळी मी बांधाच्या दगडावर छिन्नीने फुली मारलीय. तीन फुल्या. बघ, असल्या तर."

फुल्या होत्या. शेवाळ खरवडल्यावर तिन्ही दिसल्या. बांधाच्या कोपऱ्यापासून पहिली चाळीस फुटांवर, दुसरी शंभर फुटांवर, तिसरी दोनशेवीस फुटांवर. म्हणजे पेटी बांधाच्या कडेने किती पुढे आहे ते कळलं. बांधापासून किती आत, ते कळायचं होतं.

तिने दोरीचा तीन, चार, पाच फुटांचा त्रिकोण करून काटकोन धरला आणि पहिली पेटी मोजली: बांधापासून नऊ फूट आत. दुसरी: चोवीस फूट आत. वहीच्या पाठकोऱ्या कागदावर तिने पेन्सिलीने लिहिलं.

"साठ फूट पुढे गेलो, तर पंधरा फूट आत गेलो," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हणजे चार फूट पुढे, एक फूट आत. ओळ सरळ असेल तर हे प्रमाण कुठेच बदलणार नाही. तिसरी फुली दुसरीपासून एकशेवीस फुटांवर. एकशेवीसला चारने भाग."

"तीस."

"चोवीस आणि तीस, चोपन्न. बांधापासून चोपन्न फूट."

"आणि ओळ वाकडी असेल तर?" क्रेटवरून आवाज आला.

"आधी मागे जाऊन बघू, भाऊजी. पहिली पेटी नऊ फूट आत. नऊ चोक छत्तीस. छत्तीस फूट मागे गेलं तर नळ बांधाला टेकायला हवा. चाळीसातून छत्तीस गेले, कोपऱ्यापासून चार फूट."

ती चालत कोपऱ्यापाशी गेली. नवराही गेला. थोड्या वेळाने पुतण्याही क्रेट सोडून गेला, पण आपण सहज आलोय असं दाखवत. चार फुटांवर बांधाच्या तळाशी गवत होतं. नवऱ्याने ते उपटलं. दगडांच्या सांदीतून मातीच्या नळाची गोल कड दिसत होती.

 म्हाताऱ्यांनी घसा साफ केला.

चोपन्न फुटांची खूण त्यांच्या वीस पावलांपासून बरीच लांब पडली. त्यांनी खाली बघितलं, वर बघितलं. "तिथेच खोद," ते मुलाला म्हणाले.

खोलीही तिने तशीच काढली. पहिल्या पेटीच्या काठापासून नळाचा तळ तीन फूट खाली होता, दुसऱ्या पेटीच्या काठापासून साडेतीन फूट. साठ फुटांत अर्धा फूट. मग एकशेवीस फुटांत एक फूट. साडेचार फूट खाली नळ, आणि त्याआधी वीतभर वर झाकण.

"बरोबर," म्हातारे म्हणाले. "चरात उभा राहिलो की काठ छातीला लागायचा माझ्या. इथे." त्यांनी छातीवर हात ठेवला. तिने टेप लावली. साडेचार फूट. हिशेब आणि आठवण एकाच आकड्यावर आली म्हटल्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यावर ऊन उतरल्यासारखं झालं.

आधी नवऱ्याने दुसऱ्या पेटीत गोणपाटाचा बोळा ठोकून वरचं पाणी अडवलं. नाहीतर खड्ड्यात उभ्या माणसावर अख्खा नळ फुटला असता. मग कोबी काढला. बावीस गड्डे. सुनेने ते एका ओळीत मांडले, पुतण्याला मोजता यावेत म्हणून. त्याने मोजले.

काळी माती मऊ होती. पहिले दोन-अडीच फूट कुदळीने नुसते लोण्यासारखे निघाले. त्यानंतर माती तांबूस आणि घट्ट लागली, खडे लागले. नवरा खोदायचा, सून घमेलं भरून वर द्यायची, म्हातारे वरून काठीने माती मागे ओढायचे. तेवढंच त्यांना जमत होतं, आणि तेवढंही कुणी करायला सांगितलं नव्हतं. दुपारी खांद्याच्या जखमेतून पुन्हा रक्त यायला लागलं. नवऱ्याने सदरा काढून त्याची घडी खांद्यावर ठेवली.

साडेतीन फूट. पहारीचं टोक सावकाश मारायला सुरुवात केली, झाकण फुटू नये म्हणून.

चार फूट. काही नाही.

साडेचार. पहार खाली गेली आणि मातीत जाते तशीच गेली.

"अजून थोडं," सून म्हणाली.

पाच फूट झाले. नवरा वाकून पहार चारी कोपऱ्यांत मारून बघत होता. प्रत्येक वेळी तोच बोदा आवाज.

"विहीर काढताय का?" पुतण्या खड्ड्याच्या काठावर येऊन उभा राहिला. त्याच्या पायाखालचं ढेकूळ निसटून नवऱ्याच्या पाठीवर पडलं. "लागलं पाणी तर मलाही द्या हं थोडं."

"मागे हो," नवरा म्हणाला.

"माझ्याच शेतात मी मागे होऊ? घड्याळ बघ, दादा. साडेतीन झाले. बुजवायला दीड तास लागेल."

नवऱ्याने पहार टाकली आणि बायकोकडे बघितलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्या बघण्यात राग होता. "आबांच्या जागेवर खोदायला हवं होतं."

ती तळाची माती चाचपत राहिली. 

काठावर म्हातारे दोन्ही हात काठीवर ठेवून उभे होते. त्यांचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला होता. "असेल," ते म्हणाले. "वळली असेल इथे. चाळीस वर्षं झाली. मला वाटत राहिलं सरळ आहे, सरळ आहे." मग पुतण्याकडे वळून, ज्या आवाजात त्यांना कुणीच कधी बोलताना ऐकलं नव्हतं अशा आवाजात, "तुझं बरोबर असेल, पोरा. बुजवून देतो."

हे ऐकायला पुतण्या सहा वर्षं थांबला होता. आता ऐकायला मिळालं तर त्याला कुठे बघावं ते कळेना. तो कोबीच्या गड्ड्यांकडे बघत राहिला.

सून अजून खड्ड्यातच होती. वर चढायला तिने भिंतीत हात घातला आणि हात तिथेच राहिला. हाताच्या वर माती काळी होती, हाताखाली तांबडी. मध्ये कुणी सूत धरून आखावी तशी सीमा. सीमेवर बारीक, वाळलेल्या, केसांसारख्या मुळ्यांचा एक थर होता. जुनं गवत. म्हणजे एके काळी हे गवत उन्हात होतं. एके काळी जमीन इथे संपत होती.

"भाऊजी," तिने वर न बघता विचारलं, "तळ्यातला गाळ आणून टाकलात तो कुठे कुठे टाकलात?"

"हा काय प्रश्न? सगळ्या गावाने बघितलंय. दोन उन्हाळे ट्रॉल्या चालल्या होत्या. शेताचं हे टोक खोलगट होतं, ते भरून सपाट केलं."

"इथे किती टाकला?"

"असेल दोन-अडीच फूट."

तिने टेप लावली. काळी माती अडीच फूट.

ट्रॉल्या तिनेही बघितल्या होत्या. घरातल्या सगळ्यांनी बघितल्या होत्या; धूळ रोपांवर बसते म्हणून सासूने त्या दोन्ही उन्हाळ्यांत शिव्याही दिल्या होत्या. पण रोपवाल्यांच्या घरात खोली नेहमी मातीच्या वरच्या थरापासूनच मोजतात. बी अर्धा इंच खाली, रोप दोन इंच खाली. माती स्वतःच वर सरकली असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि म्हाताऱ्यांची छातीही जुन्या जमिनीवरूनच मोजलेली होती, म्हणून तर ती हिशेबाशी जुळली होती. दोन साक्षीदार, आणि दोघांनी एकाच चुकीच्या जागी उभं राहून बघितलेलं.

"मी जमिनीपासून मोजलं," ती म्हणाली. "जमीन सरळ नाहीये. नळ सरळ आहे. आबा, ओळ वाकडी नाहीये! अहो, माझी नळी आणा, पळा!"

"चार वाजत आले," पुतण्या म्हणाला.

"भाऊजी, तुम्ही एक खड्डा म्हणालात. हा तोच खड्डा आहे. दुसरा मागतच नाहीये मी. याच खड्ड्यात दोन फूट."

त्याला हसू आलं आणि ते लपवायला तो खोकला. "तुम्ही वकिलीण व्हायला हवं होतं, वहिनी. पाच म्हणजे पाच."

पाण्याची नळी पन्नास फुटांची होती, म्हणून पहिल्या पेटीच्या काठाची उंची चार टप्प्यांत खड्ड्यापर्यंत आणावी लागली. एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला ती. दोन्ही टोकांतलं पाणी हलायचं थांबलं की खूण. घाई केली तर पाणी डुचमळतं, आणि घाई तर होतीच. तिने ओठ दाबून धरले होते. शेवटच्या टप्प्यात ती उंची खड्ड्याच्या काठाखाली एक फूट आली. तिथे तिने भिंतीत लांब खिळा ठोकला.

"इथे पहिल्या पेटीचा काठ आहे असं समजा," ती म्हणाली. "या उंचीपासून पहिल्या पेटीत नळ तीन फूट खाली. दुसऱ्या पेटीचा काठ याहून अर्धा फूट खाली भरला, आत्ता बघितलं ना आपण. तो अर्धा आणि आतले साडेतीन, म्हणजे तिथे नळ चार फूट खाली. साठ फुटांत एक फूट उतार."

"पाच फुटाला एक इंच," म्हातारे पुटपुटले. त्यांच्या आवाजात परत काहीतरी आलं होतं. "तोच ठेवला होता मी. पाच फुटाला एक इंच. अर्धा फूट कुठून आला, सकाळपासून मला तेच कळत नव्हतं."

"मग सांगायचं ना, आबा!"

"तू लिहून काढलेलं. मला वाटलं माझंच चुकलं."

एकशेवीस फुटांत दोन फूट. खिळ्यापासून सहा फूट खाली. काठापासून सात. पाच खोदून झाले होते.

यापुढचं खोदणं बिकट होतं. भिंती उंच झाल्या आणि वरची गाळाची माती सैल होती. साडेपाच फुटांवर एक बाजू न सांगता खाली आली आणि नवरा गुडघ्यापर्यंत गाडला गेला. सुनेने हातांनीच त्याचे पाय उकरले. वर म्हातारे ओरडत होते, "फळ्या! अरे फळ्या लावा!" फळ्या तिथे कुठून असणार? पुतण्या गेला तो आपल्या ट्रॉलीच्या दोन बाजू काढून घेऊन आला आणि त्या खाली सोडल्या. त्या भिंतीला उभ्या लावल्या, मध्ये पहार आडवी ठोकली.

पाचला चार मिनिटं होती. नवऱ्याने टिकाव मारला आणि तो वर उडाला.

दगड होता. हातांनी माती लोटली तसा तो सपाट होत गेला, चौकोनी होत गेला. मधोमध छिन्नीची फुली.

"फुली आहे का?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"आहे, आबा."

ते काठावर खाली बसले. बसताना काठी सुटली, घरंगळत खड्ड्यात पडली. कुणी लक्ष दिलं नाही.

झाकण उचलायला तिघं लागली, कारण तोवर पुतण्याही खाली उतरला होता. खाली पेटी नव्हतीच जणू. मुळ्यांची एक जाड, ओली, घोड्याच्या शेपटीसारखी वेणी होती. अंजिराची. ती नळात दोन्ही बाजूंनी गेली होती. नवऱ्याने आणि पुतण्याने पाय भिंतीला लावून ओढली. येता येता येईना, मग एकदम पाच हात लांब बाहेर आली आणि दोघंही चिखलात बसले.

"म्हणजे माझं झाड पीत होतं," पुतण्या म्हणाला.

"मुळी उगाच नळात शिरत नाही," वरून म्हातारे म्हणाले. "आधी आत गाळ बसावा लागतो. सरळ नळात गाळ बसायचा नाही. सूनबाई, खिळ्यापासून तळ मोज."

तिने ओळंबा सोडला, मोजलं, पुन्हा मोजलं. "सहा फूट... आणि वर दोन बोटं."

"दोन बोटं खाली?"

"हो."

 म्हातारे हसले, पण ते हसणं नीट नव्हतं. "दोन बोटं. राहिलीच शेवटी."

"काय राहिली, काका?"

"तुझा बाप." त्यांनी खड्ड्यातल्या पुतण्याकडे बघितलं. "दिवसभर चर खणून दमला होता. मी नळाखाली वाळूचा थर तयार केलेला, सुतात आणलेला, आणि हा बसला त्यावर जेवायला. अंगाने दांडगा. दोन बोटं दबला. मी म्हटलं, उकर, परत भर. तो म्हणाला, पाणी काय दोन बोटं मोजत बसणार आहे? त्यावरून वाजलं. तीन दिवस."



"म्हणजे दोष अण्णांचा," पुतण्या म्हणाला. त्याचा आवाज ताठ झाला होता.

"छे. त्याने दाबलं. पण बुजवलं मी." म्हाताऱ्यांनी हातातलं ढेकूळ चिरडलं. "मला दिसत होतं. मीच भरून घेतलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण म्हटलं, राहू दे, याचं याला कळेल कधीतरी. रागाने झाकण ठेवलं, फुली मारली, आणि वर माती लोटली. तो होता तोवर वाट बघत होतो बिघडायची. आणि तो गेल्यावर विसरलो."

पाच वाजून गेले होते. पुतण्याने हाताचा चिखल कपड्यांना पुसला आणि वाकून नळाची दबलेली कांडी दोन्ही हातांनी उचलली. "खडी कुठे आहे?"

खडी सुनेनेच निवडून दिली, खड्ड्यातल्या तांबड्या मातीतली. पुतण्या ती कांडीखाली मुठीमुठीने भरत गेला. म्हातारे काठावर पोटावर पालथे पडून ओळंब्याची दोरी धरून बघत होते. नवऱ्याने वर चढून त्यांचे पाय धरले होते.

"अजून."

"एवढी?"

"अजून एक मूठ. आता हळूच ठेव. दाबू नकोस रे, बापासारखं दाबू नकोस... बस. बस!"

झाकण ठेवलं. नवरा दुसऱ्या पेटीकडे धावला आणि बोळा ओढून काढला. पायाखालून काहीतरी घरघरत गेलं, मोठं जनावर कूस बदलतं तसं. पुतण्याने झाकणावर तळहात ठेवला होता.

मग वाट बघणं. रोपवाटिका इथून दिसत नव्हती. सून खड्ड्यातून वर आली आणि बांधावर चढली. ऊन तिरपं झालं होतं, ओळीत मांडलेल्या बावीस गड्ड्यांच्या सावल्या लांब झाल्या होत्या. आवाज येत नव्हता. नवरा परत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. एक मिनिट गेलं असेल, दहाही गेली असतील.

पिंपावर एक टोला पडला.  एक टोला तर ठेच लागूनही पडतो. मग दुसरा पडला, तिसरा पडला, आणि त्यानंतर सासू थांबेचना. पिंप फोडते की काय असं वाटायला लागलं.

म्हातारे उठून बसले. सदऱ्यावरची माती झटकली. "पावणेसहा झाले असतील," ते पुतण्याला म्हणाले. "पाचला बुजवून द्यायचं ठरलं होतं. शब्द चुकला आमचा."

पुतण्या सात फूट खाली उभा होता, केसांत माती, कोपरापर्यंत चिखल. त्याने पायाशी पडलेली काठी उचलली आणि वर केली.

"आधी मला वर काढा, काका. मग बोला."

म्हाताऱ्यांनी काठीचं दुसरं टोक धरलं, आणि त्यांच्या मागून मुलाने आणि सुनेने त्यांना धरलं.